मुंबईला जाताना कसारा की समृद्धी?

काकांनी नवी कार घेतली आणि पेच पडला: नाशिकहून मुंबईला कसारा घाटातून जावं की इगतपुरीला समृद्धी धरावी? वेळेत समृद्धीच सरस, जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा अख्खा घाट चुकवतो. वेगमर्यादा मोडल्याचा दंड दोन्हीकडे तोच, कायद्यानं कारला 1000 ते 2000 रुपये. समृद्धीवर सपाटीला मर्यादा 120. ती 140 करा म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब मांडावा: इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळचं समृद्धीचं मुंबईकडलं टोक) 76 किलोमीटरला वाचणार जेमतेम साडेपाच मिनिटं, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायचं अंतर मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढणार. टायर झिजलेले असतील तर विचारूच नका.

दुचाकीला समृद्धीवर बंदीच, त्यांना कसारा. विमान गाठायचं तर समृद्धी. चहा-वडापाव खात रमतगमत जायचं तर जुना रस्ता.