बाळ सांभाळणाऱ्या ताई पुरवणारी पुण्यातील एक एजन्सी : सेवा चांगली, करार एकतर्फी

प्रसूतीची २६ आठवड्यांची पगारी रजा संपत आली, बाळाला इतक्यात पाळणाघरात ठेवण्यास मन धजेना, म्हणून आम्ही एका एजन्सीमार्फत दिवसभरासाठी ताई ठेवल्या. एजन्सीचे शुल्क एका महिन्याच्या पगाराएवढे असून त्यात पोलीस पडताळणी, आरोग्य तपासणी आणि ताईंनी मध्येच काम सोडल्यास बदली देण्याची हमी येते.

प्रशिक्षणाबाबत एजन्सीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. काढून ठेवलेले आईचे दूध बाहेर चार तासांहून अधिक ठेवायचे नाही, बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध पुन्हा पाजायचे नाही, खिमट अगदी पाण्यासारखे पातळ करायचे नाही, हे ताईंना आमच्याहून पक्के ठाऊक होते. सासूबाईंनी मध आणि वेखंडाचे चाटण काढले तेव्हा, ‘आजी, वर्षाचा होईपर्यंत मध नको,’ असे त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे सांगितले. (सासूबाईंचा रुसवा काही काळ टिकला, पण मधाची बाटली कपाटात गेली.)

करारनामा वाचताना मात्र ही सेवा नेमकी कोणाच्या सोयीने आखली आहे ते दिसते. ताईंना यायला अर्धा तास उशीर झाला तर पगार कापण्याची तरतूद त्यात आहे. आपण कार्यालयातून उशिरा परतलो आणि त्या तोवर बाळाला घेऊन बसून राहिल्या, तर त्या वेळेच्या मोबदल्याविषयी चकार शब्द नाही. साप्ताहिक सुट्टी व आजारपणाची रजा यांचाही उल्लेख नाही. आमच्याकडून पूर्ण शुल्क घेतल्यावर ताईंच्या पहिल्या पगारातूनही कमिशन कापले गेल्याचे नंतर कळले, ते तर अजिबात पटले नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ पासून आहे आणि १८ ते ६० वयोगटातील घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. इतकी कागदपत्रे गोळा करणाऱ्या एजन्सीने ताईंना या मंडळाविषयी साधी माहितीही दिली नव्हती.

एजन्सी निवडण्यास आमची हरकत नाही. मात्र सही करण्यापूर्वी सुट्टी, जादा वेळेचा दर आणि कमिशन कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. आम्ही ही कलमे हाताने लिहून दिली, तेव्हा एजन्सीने विनातक्रार शिक्का मारला. छापील नमुना मात्र अजून तोच आहे.