30 मीटरवरची जास्तीची मिनिटे: शिअरवॉटर पेरेग्रिन या डायव्ह कॉम्प्युटरचे परीक्षण

डीकम्प्रेशनचे (शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे) सक्तीचे थांबे न घेता थेट वर येता यावे, या अटीवर खोल पाण्यात किती वेळ राहता येईल, हे खोली वाढेल तसे फार झपाट्याने बदलते. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार साध्या हवेवर 18 मीटरला 56 मिनिटे मिळतात, 30 मीटरला 20 आणि 40 मीटरला जेमतेम 9. बुडालेली जहाजे आणि प्रवाळांच्या उभ्या भिंती बहुधा याच अडचणीच्या पट्ट्यात असल्यामुळे ही मर्यादा न ओलांडता वेळ वाढवण्याची इच्छा प्रत्येक डायव्हरला होते, आणि नवा डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेवरून उरलेली मिनिटे मोजणारे मनगटी यंत्र) घेताना मनात हाच हेतू असतो. शिअरवॉटर या कॅनेडियन कंपनीने 2020 मध्ये बाजारात आणलेला पेरेग्रिन या एका कसोटीवर कसा उतरतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

आधी त्याच्या गणिताविषयी. स्विस डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांची पद्धत शरीराचे 16 काल्पनिक कप्पे मानते. काही कप्पे नायट्रोजन काही मिनिटांत शोषतात, तर काहींना कित्येक तास लागतात. पेरेग्रिन याच पद्धतीवर चालतो आणि दर क्षणी जो कप्पा मर्यादेच्या सर्वांत जवळ असेल त्यावरून उरलेली मिनिटे सांगतो. याचा खरा फायदा बहुस्तरीय, म्हणजे वेगवेगळ्या खोलींवर वेळ काढणाऱ्या, डायव्हमध्ये कळतो. तक्ता असे धरून चालतो की, तुम्ही पूर्ण वेळ सर्वांत खोल जागीच होता. प्रत्यक्षात मात्र सुरुवातीलाच 30 मीटर गाठून, उरलेली मिनिटे एक आकडी होण्याच्या सुमारास भिंतीच्या कडेने 20 मीटरपर्यंत चढलात, तर पडद्यावरचा आकडा घसरायचा थांबतो आणि पुन्हा वाढू लागतो. ती वाढ डोळ्यांसमोर पाहणे हा या कॉम्प्युटरने दिलेला सर्वांत मोलाचा धडा आहे, असे मी मानतो. 2.2 इंची रंगीत पडद्यावर हा आकडा इतका ठसठशीत दिसतो की, गढूळ पाण्यातही हात डोळ्यांजवळ न्यावा लागत नाही, आणि इशारा देताना कॉम्प्युटर मनगटावर थरथरत असल्यामुळे तो चुकत नाही.

वेळ वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नायट्रॉक्स, अर्थात हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले श्वासाचे मिश्रण. खोल डायव्हसाठी मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. 32 टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणात नायट्रोजन 79 ऐवजी 68 टक्के असतो. त्यामुळे 30 मीटरवर शरीराला बसणारा नायट्रोजनचा भार हवेवरच्या सुमारे 24.4 मीटरइतका राहतो. तक्त्यात ही खोली 25 मीटरच्या रकान्यात धरली, तरी 20 मिनिटांच्या जागी 29 मिनिटे मिळतात. याची किंमत ऑक्सिजनच्या बाजूने मोजावी लागते. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची (मिश्रणाच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) 1.4 बार ही नेहमीची मर्यादा पाळली, तर हे मिश्रण सुमारे 33 मीटरपर्यंतच वापरता येते आणि 36 टक्क्यांचे मिश्रण 29 मीटरच्या आतच ठेवावे लागते. म्हणजे 40 मीटरच्या डायव्हला यांतले कोणतेही मिश्रण चालत नाही, आणि तिथे नायट्रॉक्सच्या नावाने मिनिटे शोधणे धोक्याचे आहे. पेरेग्रिनच्या नायट्रॉक्स मोडमध्ये 40 टक्क्यांपर्यंतचे प्रमाण भरता येते. कॉम्प्युटर मात्र तुम्ही भरलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. पडद्यावर 32 असेल आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात 28 टक्केच ऑक्सिजन असेल, तर दिसणारी मिनिटे सगळीच फुगवलेली ठरतात. म्हणून प्रत्येक सिलिंडर स्वतः ऑक्सिजनचे प्रमाण मोजणाऱ्या विश्लेषकावर तपासून, आलेला आकडा पट्टीवर लिहून मगच तो कॉम्प्युटरमध्ये भरावा.

तिसरा मार्ग पेरेग्रिनच्या मेनूमध्येच आहे. त्याबद्दल मात्र मी सावध करीन. सावधगिरीच्या कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन तयार पातळ्या त्यात आहेत आणि ग्रेडियंट फॅक्टरच्या (कप्प्यांची मर्यादा किती टक्के वापरायची ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) भाषेत त्या अनुक्रमे 45/95, 40/85 आणि 35/75 अशा आहेत. यांतला दुसरा आकडा पृष्ठभागावर पोहोचताना कप्प्यांत जास्तीत जास्त किती ताण उरू द्यायचा ते ठरवतो, आणि उरलेली मिनिटे त्याच्यावरच अवलंबून असतात. मध्यम पातळीवरून कमी सावधगिरीवर गेलात की मिनिटे लगेच वाढतात, पण शरीरातला नायट्रोजन तेवढाच राहतो; कमी होते ती फक्त राखून ठेवलेली जागा. थंड पाणी, थकवा, अपुरे पाणी पिणे किंवा त्याच दिवशी आधी केलेली डायव्ह यांपैकी काहीही असेल, तेव्हा ही जागा कामाला येते. नायट्रॉक्स वापरताना पातळी मध्यमच ठेवावी, हे माझे ठाम मत आहे.

खोल पाण्यात अनेकदा ही मर्यादा येण्याआधीच श्वासाचा वायू संपत येतो, आणि त्याबाबत पेरेग्रिन काहीच सांगत नाही. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर वायू वापरणारा डायव्हर 30 मीटरवर, चौपट दाबामुळे, 80 लिटर वापरतो. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने 2400 लिटर मावतात. त्यातले 50 बार राखून ठेवले, तर 1800 लिटर उरतात आणि ते साडेबावीस मिनिटांत संपतात. त्यातच खाली जाणे, सावकाश वर येणे आणि सेफ्टी स्टॉपही (वर येण्याआधी उथळ पाण्यात घ्यायचा छोटा थांबा) बसवायचा असतो. अशा डायव्हरला नायट्रॉक्सवरची 29 मिनिटे कागदावरच मिळतात. त्याला मोठा सिलिंडर, अचूक तरंगसंतुलन आणि शांत श्वास यांचाच जास्त उपयोग होईल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. दोन बटणांवर चालणारा मेनू जाड हातमोज्यांतूनही वापरता येतो. चार्जिंग बिनतारी आहे, पण बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येत नाही, त्यामुळे लांबच्या बोटसफरीवर चार्जर सोबत हवाच. पेरेग्रिनमध्ये होकायंत्र नाही आणि सिलिंडरचा दाब पडद्यावर आणणाऱ्या ट्रान्समीटरचीही सोय नाही. या दोन्ही गोष्टी 2024 मध्ये आलेल्या पेरेग्रिन टीएक्समध्ये आहेत. ज्यांचा वायू मर्यादेआधी संपतो, त्यांनी टीएक्सचाच विचार करावा. आपला वापर आकड्यांत ठाऊक असलेल्या आणि नायट्रॉक्सचे प्रशिक्षण घेतलेल्या डायव्हरला साधा पेरेग्रिन पुरेसा आहे.