तयार बाथरूम की मिस्त्रीच्या हातची न्हाणी?

कारखान्यातून येणारी तयार बाथरूम बसवावी की मिस्त्री लावून न्हाणी बांधावी, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते: घरात आंघोळ कोण करतं, आणि उभ्यानं की बसून?

तयार बाथरूम आली ती घाईच्या पोटी. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकआधी हॉटेलं भराभर उभी करायची होती. तेव्हा टोटो कंपनीनं हॉटेल न्यू ओतानीसाठी अशी बाथरूम बनवली. फायबरचा एकसंध तळ, वर जोडायच्या भिंती, नळांच्या जागा आधीच ठरलेल्या. वजन कमी, तळाला टाइल्सचे सांधे नाहीत, म्हणून झिरपण्याची भीतीही कमी. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर किंवा भाड्याच्या खोलीला मी हीच सुचवेन.

तळमजल्यावर म्हातारी माणसं असतील तर मात्र न्हाणीच. आमच्याकडे नरक चतुर्दशीला आई अजूनही एकेकाला पाटावर बसवते, पाठीला तेल चोळते, मग संत्र्याच्या सालीची पूड घातलेलं उटणं. पाट, गंगाळ, बसलेला माणूस आणि चोळणारी आई, एवढं सगळं काचेच्या शॉवर-कप्प्यात मावत नाही. शिवाय तेल सांडलं की फायबरचा गुळगुळीत तळ निसरडा होतो. खरबरीत फरशीवर पाय धरून राहतो, आधाराची दांडीही विटांच्या भिंतीत पक्की बसते.

आणि नागपूरचा मे महिना! गच्चीवरची टाकी दिवसभर तापते. संध्याकाळी थंड पाण्याचा नळ सोडला तरी चटका बसतो. शॉवरला तेच पाणी. आम्ही सकाळीच दोन बादल्या भरून न्हाणीच्या कोपऱ्यात झाकून ठेवतो, संध्याकाळी त्याच पाण्यानं आंघोळ. बादलीत पंधरा-वीस लिटर मावतं. मिनिटाला आठ-दहा लिटर सोडणारा शॉवर तेवढं दोन मिनिटांत संपवतो. म्हणून तयार बाथरूम घेतलीत तरी खाली बादलीचा नळ आणि दोन बादल्यांची जागा मागून घ्या. जाळी हातानं निघणारी हवी, उटण्याचा गाळ तिथेच अडकतो.

न्हाणी बांधत असाल तर मोरीकडे दर मीटरला सव्वा सेंटिमीटर उतार ठेवायला सांगा. वॉटरप्रूफिंग झालं की मोरी बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि न्हाणी वरच्या मजल्यावर असेल तर खालचं छत स्वतः हात लावून बघा. ते कोरडं असेल तरच टाइल्स लावू द्या.