इन्फोपाथ २०१३ : लिंकवरून भरलेला फॉर्म उघडणारं सॉफ्टवेअर

आमच्या ऑफिसात प्रवासखर्चाचे फॉर्म अजून इन्फोपाथमध्येच आहेत आणि शेअरपॉइंट (ऑफिसच्या फाइली ठेवायची मायक्रोसॉफ्टची साइट) मी बघतो, म्हणून हे लिहितोय. मायक्रोसॉफ्टचं हे फॉर्म बनवायचं आणि भरायचं सॉफ्टवेअर जुनं, ऑफिस २००३ बरोबर पहिल्यांदा आलेलं, पण त्यातली एक गोष्ट मला आजही जाम आवडते. फॉर्म भरून सेव्ह केला की जी एक्सएमएल फाइल (खुणांमध्ये माहिती लिहिलेली साधी मजकुराची फाइल) तयार होते ना, तिच्यात फक्त भरलेली माहिती असते, नाव, तारीख, रक्कम, बस. रकाने, बटणं, बेरजेचे नियम हे सगळं वेगळ्या एक्सएसएन फाइलमध्ये, म्हणजे फॉर्मच्या टेम्प्लेटमध्ये (ती मुळात झिपसारखी कॅब फाइलच आहे, कॉपी करून नावाच्या शेवटी .cab करा आणि उघडून बघा, आतलं सगळं सुटं सुटं दिसतं, शिकायला भारी). आणि डेटा फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की मला इन्फोपाथमध्ये उघडा, माझा टेम्प्लेट अमुक पत्त्यावर आहे.

त्यामुळे इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात पेजवरच्या लिंकवर क्लिक केलं की इन्फोपाथ आपोआप सुरू व्हायचं, टेम्प्लेट ओढून आणायचं आणि भरलेला फॉर्म समोर! टेम्प्लेटची कॉपी मशीनवर राहते म्हणून नेट गेलं तरी काम चालतं.

आता क्रोम किंवा एज त्या ओळींकडे बघतच नाहीत, एक तर नुसता एक्सएमएलचा मजकूर दाखवतात नाहीतर फाइल डाउनलोड करून मोकळे. परवा अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, “अहो फॉर्म करप्ट झालाय, सगळं कोडिंगच दिसतंय.” फाइल ठणठणीत होती, सेव्ह करून राइट क्लिक, ओपन विथ, इन्फोपाथ, उघडला लगेच. शेअरपॉइंटच्या सर्व्हरवर फॉर्म्स सर्व्हिसेस (इन्फोपाथचे फॉर्म ब्राउझरमध्ये दाखवणारी सोय) असेल तर लायब्ररीच्या सेटिंगमध्ये फॉर्म ब्राउझरमध्ये उघडायचा पर्याय लावा, मग ही कटकटच नाही, फक्त काही कंट्रोल्स (फॉर्ममधले रकाने, बटणं वगैरे) तिथे चालत नाहीत ते आधी तपासा.

दुसरं, साइट हलवताना जपा. आमच्याकडे साइट नव्या पत्त्यावर नेली आणि जुन्या फाइल्स बिचाऱ्या जुन्याच पत्त्यावर टेम्प्लेट शोधत बसल्या, एकही उघडेना, लोकांचे क्लेम अडकले. शेअरपॉइंटमध्ये त्यासाठी रीलिंक नावाची सोय आहे, डॉक्युमेंट्स निवडायची आणि रीलिंक करायचं. ही सोय आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मला तर साइट हलवताना तिचाच सगळ्यात मोठा आधार वाटतो.

नवीन घ्यायचं का? नको. नवीन व्हर्जन येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१४ मध्येच सांगितलं, ऑफिस २०१६ मध्ये इन्फोपाथ नव्हतंच आणि सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतच. ज्यांच्याकडे जुने फॉर्म आहेत त्यांनी महत्त्वाचे आत्ताच पीडीएफ करून घ्या आणि प्रत्येक फॉर्मची एक्सएसएन डेटाच्या शेजारीच जपून ठेवा, कारण तिच्याशिवाय त्या एक्सएमएलमधला आकडा कुठल्या रकान्याचा होता हे नवीन माणसाला शोधत बसावं लागतं.