सर्व्हरवर रात्री काय घडून गेले, ते सांगणारे अ‍ॅटॉप

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचा बिलिंगचा लिनक्स सर्व्हर मी राजारामपुरीतील माझ्या कार्यालयातून सांभाळतो. मागच्या पावसाळ्यात तिथल्या रात्रपाळीच्या सुपरवायझरचे फोन रात्री दोनच्या सुमारास येऊ लागले. "साहेब, चलन निघंना झालंय, गाडी गेटवर थांबलीय." मी उठून एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीने) आत शिरेपर्यंत सारे सुरळीत झालेले असे आणि यंत्रावरचा ताण त्या क्षणी दाखवणाऱ्या एचटॉपच्या पट्ट्या शांत दिसत. एचटॉप मला आवडते, परंतु त्याला दहा मिनिटांपूर्वीचे काही विचारता येत नाही.

म्हणून अ‍ॅटॉप हे यंत्रावरच्या ताणाची नोंद साठवून ठेवणारे साधन बसवले. ते मोफत आहे आणि डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स-वितरणांवर एका आज्ञेत बसते. बसताच त्याची सेवा पार्श्वभूमीवर सुरू होते आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क व प्रत्येक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) यांची नोंद दर 600 सेकंदांनी त्या दिवसाच्या फाइलमध्ये करत राहते. अशा 28 दिवसांच्या फाइली ते ठेवते. फाइल उघडल्यावर लहान 'टी' दाबले की पुढची नोंद, मोठे 'टी' दाबले की मागची, आणि 'बी' दाबून हवी ती वेळ थेट गाठता येते.

मात्र 600 सेकंदांचे हे अंतर मला घातक वाटते. डिस्क दोन मिनिटे पूर्ण अडकली आणि उरलेली आठ मिनिटे मोकळी राहिली, तर नोंदीत सरासरी 20 टक्केच दिसते. मी सेटिंगच्या फाइलमध्ये ते 60 सेकंद केले आणि तिसऱ्या रात्री दोन वाजून सात मिनिटांची नोंद सापडली. चार कोअरच्या यंत्रावर लोड अ‍ॅव्हरेज (काम करणाऱ्या व ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) 14, प्रोसेसरला मात्र फारसे काम नाही, फक्त 'वेट'चा, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा फुगलेला, आणि डिस्कची ओळ लाल, 98 टक्के. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण लिनक्स लोड मोजताना डिस्कची वाट पाहत 'डी' अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसही धरते. खालच्या यादीत मायएसक्यूएल हा डेटाबेस 'डी'मध्ये होता आणि फाइलींचा गठ्ठा बांधणारे 'टार' कोनी कंसात होते, म्हणजे ती प्रोसेस त्याच मिनिटात संपून गेली होती. संपलेली प्रोसेस लिनक्सची नेहमीची 'टॉप' आज्ञा दाखवूच शकत नाही. अ‍ॅटॉप ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रोसेस-अकाउंटिंगमधून, म्हणजे संपलेल्या प्रोसेसच्या नोंदींतून, उचलते. डेटाबेसचा आणि फाइलींचा असे दोन बॅकअप क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या वेळापत्रकात) एकाच वेळी लावलेले होते. एक पहाटे चारवर नेला आणि फोन थांबले.

उणिवा आहेत. पडद्यावर आकड्यांची इतकी दाटी असते की नजर बसायला आठवडा लागतो. कोणती प्रोसेस किती नेटवर्क वापरते हे पाहायला नेटअ‍ॅटॉप हे कर्नल मॉड्यूल वेगळे बसवावे लागते. धोक्याचा इशारा ते स्वतःहून पाठवत नाही. त्यासाठी प्रोमिथियससारखी देखरेखीची व्यवस्था हवीच. शिवाय 2025 मध्ये त्यात सुरक्षेची त्रुटी उघड झाली, जिची दुरुस्ती 2.11.1 या आवृत्तीत आली, म्हणून बसवण्याआधी आपल्या लिनक्स-वितरणाचे सुरक्षा-अपडेट घेतलेले असावे. दर मिनिटाच्या नोंदींनी फाइली बऱ्याच मोठ्या होतात. त्या फाउंड्रीच्या सर्व्हरवर मी 28 ऐवजी 14 दिवसांच्याच ठेवल्या आहेत.