४८ व्होल्ट, आणि पुढे बारीकसा ‘एफ’

एकूण ३,२४८ रुपये गेले. २,८९९ ड्रिलचे आणि ३४९ ते परत पाठवायच्या नावाखाली. रक्कम फार नाही म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नये. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत २६ वर्षं मेंटेनन्सला काढलेला, आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन व्होल्टेजच्या आकड्यात फसला, यावर सध्या आमच्या घरात करमणूक चालू आहे.

नव्या फ्लॅटला पडद्याचे रॉड लावायचे होते. रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरवाल्याने चांगल्या कंपनीचं १८ व्होल्टचं बॅटरी ड्रिल दाखवलं, दोन बॅटऱ्यांसकट ८,२००. वर्षातून चारदा भोकं पाडायची, त्याला ८,२००? हा माझा हिशोब चुकला असं मला आजही वाटत नाही. त्याच रात्री मोबाइलवर जाहिरात आली. ‘गोदाम खाली करणे आहे’, ४८ व्होल्ट, ब्रशलेस म्हणजे कार्बन ब्रश नसलेली मोटर, सोबत २४ बिटांची, म्हणजे भोकं पाडायच्या टोकांची पेटी, पैसे माल घरपोच मिळाल्यावर. व्हिडिओत एक पोरगा काँक्रीटच्या खांबात लोण्यात सुरी जावी तसा बिट घालत होता. कंपनीचं नाव ओळखीचं. त्यात एक अक्षर जास्त आहे, हे नंतर चष्मा लावून पाहिलं.

पार्सल आलं. कुरिअरवाला म्हणाला, “काका, आधी पैसे, मग उघडा.” दिले. घरपोच पैसे म्हणजे माल बघून पैसे, असं समजू नका; बघायला मिळतं ते फक्त खोकं. आत पावती नाही, जीएसटी नंबर नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे ‘गोदाम नं. ७’ आणि परराज्यातला पिनकोड. बरं, तेही सोडा.

सोडवत नाही ते वेगळंच. चार्जर माझ्या हातात होता. त्यावर स्वच्छ छापलं होतं: आउटपुट २१ व्होल्ट. २१ च्या चार्जरने ४८ ची बॅटरी कशी भरेल? लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल एका ओळीत म्हणजे १८, भरल्यावर २१. ४८ साठी तेरा सेल लागले असते, आणि ती बॅटरी एवढ्याशा मुठीत मावली नसती. हे मला येतं हो! शिकाऊ पोरांना मीच शिकवलंय. पण मी चार्जर वाचला, प्लग लावला, हिरवा दिवा लागला आणि चहा ठेवायला गेलो. बॅटरीवर ‘४८ व्हीएफ’ होतं. तो बारीक एफ यांची पळवाट. व्होल्ट कुठे म्हटलंय, आमच्या मॉडेलचं नावच तसं आहे, म्हणायला मोकळे.

खिडकीवर लिंटेल, म्हणजे आरसीसीची, सळया घातलेल्या काँक्रीटची तुळई. बिट अर्धा इंच गेला आणि अडकला. ‘ब्रशलेस’ मोटरच्या मागच्या फटींतून कार्बन ब्रशच्या ठिणग्या दिसायला लागल्या, मग जळका वास, मग शांतता. बॅटरी खोलली. दहा सेलची जागा, सेल पाच, बाकी वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी.

खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. मुलगी फार गोड बोलली. पिकअपचे ३४९ यूपीआयने भरा, सगळे एकदम परत मिळतील. भरले. का भरले विचारू नका. २,८९९ परत येतील या आशेने माणूस ३४९ भरतो, तुम्हीही भरले असते. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

कुरिअरच्या कचेरीत गेलो तर “आम्ही फक्त पोचवतो.” मग पाठवणाऱ्याला पैसे कोण देतं? तुम्हीच ना? मग त्याचा पत्ता तुमच्याकडे नाही, असं कसं? उत्तर नाही. पोलीस ठाण्यात दोन तास बाकड्यावर. साहेब जेवायला, साहेब बंदोबस्ताला. शेवटी एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, पैसे तुम्हीच हाताने दिलेत ना? मग फसवणूक कसली?” शेजारचा हसला. ३४९ साठी सायबरवाल्यांकडे पाठवलं, तिथून पुन्हा ठाण्यात. रिक्षाचेच २४० झाले. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे मला माहीत आहे. पण तक्रार करायची कुणावर? गोदाम नंबर सातवर?

यूपीआयने पैसे गेले तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम अडवायची संधी तेव्हाच असते. मी चौथ्या दिवशी केला. चार्जरचं आउटपुट आणि बॅटरीचा आकडा आधी ताडून बघा. पुढे एफ असेल तर खोकं खाली ठेवा. आणि स्वस्त घेऊच नका असं मी म्हणत नाही. घराला बॅटरीवालं लागतच नाही. वायरचं, १३ एमएम चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा), हॅमर असलेलं इम्पॅक्ट ड्रिल दोन-अडीच हजारांत येतं, पक्क्या बिलासकट. सर्व्हिस सेंटर गावात आहे का, एवढं विचारा. रोज काँक्रीट फोडायचं असेल तरच एसडीएसचं, म्हणजे खाचेत अडकणाऱ्या बिटांचं, जोरात ठोके देणारं रोटरी हॅमर.

हे ज्ञान मला त्याच हार्डवेअरवाल्याने दिलं. गेल्या आठवड्यात त्याच्याकडून वायरचं ड्रिल आणलं, २,३५० ला. बिल करता करता त्याने विचारलं, “काका, त्या दिवशी ऑनलाइन बघतो म्हणाला होतात, त्याचं काय झालं?”

“मागवलंच नाही,” म्हणालो.