ग्रेट ओशन रोड एका दिवसात: आधी किनारा की आधी सुळके?

मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड या ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकाठच्या रस्त्याची एक दिवसाची बस ठरवताना लोक तिकिटाचे पैसे आणि जेवण बघतात. त्याआधी बस कुठल्या बाजूने फिरते ते बघा. थांबे जवळपास तेच असतात, दिवस मात्र पार वेगळा जातो.

नेहमीची बस टॉर्कीपासून किनारा धरते. लॉर्न, केनेट रिव्हर, अपोलो बेला जेवण, मग ऑटवेचं जंगल आणि दुपारी ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके. परत येताना कोलॅकवरून आतला सरळ रस्ता. दुसऱ्या प्रकारची बस सकाळी कोलॅकवरून थेट सुळक्यांकडे जाते आणि किनाऱ्याने परतते. दोन्हींत बारा-तेरा तास सहज जातात.

रस्ता बघायचा असेल तर पहिली बस घ्या. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात मुख्यतः कुदळ-फावड्यांनी हा रस्ता कड्यात खोदला, म्हणून तो अरुंद आणि पाण्याला चिकटून आहे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. त्यामुळे जाताना बस समुद्राच्या कडेने चालते आणि डावीकडच्या खिडकीतून थेट खाली लाटा दिसतात. दुसऱ्या बसमध्ये समुद्र उजवीकडे येतो आणि मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची लेन राहते. जागा राखीव नसतील तर पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि योग्य बाजू धरा.

सुळकेच बघायचे असतील तर दुसरी बस सरस. बहुतेक बसेस तिथे दुपारी येतात, तेव्हा कठड्याशी फोटोसाठी थांबावं लागतं. शिवाय मुख्य सुळके पश्चिमेला आहेत. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि चुनखडीचे पिवळे-तांबूस थर एकेक उठून दिसतात. दुपार कलली की तेच सुळके काळे पडतात. नाव बारांचं असलं तरी बारा मोजू नका. लाटा पायथा कुरतडतात आणि सुळका कोसळतो. २००५ मध्ये असाच एक गेला.

जवळच्या लॉक आर्ड गॉर्ज या घळीला किती मिनिटं देणार, हे दोन्ही बसवाल्यांना विचाराच. १८७८ मध्ये ‘लॉक आर्ड’ जहाज इथे फुटलं, ५४ पैकी दोघेच वाचले. वरून नुसता फोटो काढून निघणं म्हणजे अर्धी जागा सोडणं. खाली वाळूवर उतरल्यावरच दोन कड्यांमधली ती चिंचोळी वाट दिसते आणि दोघे कसे आत आले ते कळतं. अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ असेल तर ती सहल टाळा. किनाऱ्यावर उतरणाऱ्या गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या समुद्र खवळला की बंद ठेवतात, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

आई-बाबा सोबत असतील तर वळणांचा विचार आधी करा. लॉर्न ते अपोलो बे आणि पुढे लॅव्हर्स हिलपर्यंत गाडी लागते. पहिल्या बसमध्ये ऑटवेची वळणं जेवणानंतर लगेच येतात. दुसरीत ती जेवणाआधी संपतात, पण लॉर्नपर्यंतची उरतात. पुढच्या जागा घ्या आणि चालत असेल तर गोळी वळणांच्या अर्धा तास आधी द्या. शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच सांगा, तरी डब्यात दोन पोळ्या असू द्या. दक्षिण महासागराचा वारा उन्हाळ्यातही बोचतो, तेव्हा जॅकेट हवंच.

जून-जुलैत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिली बस वाटेत रेंगाळली तर सुळक्यांपाशी अंधारून येतं, म्हणून हिवाळ्यात दुसरीच बस बरी. डिसेंबर-जानेवारीत साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा पहिली निवांत घ्या.

स्वतः गाडी नेणार असाल तर अपोलो बेला एक रात्र मुक्काम धरा. एका दिवसात जाऊन-येऊन चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही, दिसतात ती वळणं. आणि परतताना संध्याकाळी, नेमका थकवा आल्यावर, कांगारू रस्त्यावर उतरतात.